शापोऱ्याच्या तटावर जायचं असेल तर

‘दिल चाहता है’ २००१ साली आला आणि तेव्हापासून गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या शापोरा किल्ल्याला कितीतरी लोक सिनेमाच्याच नावानं ओळखतात. आकाश, समीर आणि सिद्धार्थ ज्या तटावर बसून समुद्र बघतात, तो हा तट. मी दोडामार्गचा, त्यामुळे माझ्यासाठी ही जवळची वाट. तुम्ही लांबून येणार असाल तर कोकण रेल्वेनं थिवीला उतरा, तिथून म्हापसा, म्हापशाहून शापोऱ्याची बस. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. बसला गर्दी होते, पण मिरची भजी आणि पातळ भाजी-पाव खाऊन निघायला तोच दिवस चांगला. स्कूटर भाड्यानं घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी नको.

आदल्या रात्री तेवढा प्रसंग परत बघा. तिघं पाठमोरे बसलेत, पुढे नुसतं पाणी. म्हणजे तुम्हाला पश्चिमेचा, समुद्राकडचा तट हवा. बरेच जण वर पोचल्यावर दिसेल त्या भिंतीवर फोटो काढतात आणि उतरतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, एवढं चढून आल्यावर!

चढण छोटी आहे, पण उघडी. झाड नाही, पाणी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी चारच्या पुढे चढायला लागा, बाटली खालूनच भरून घ्या. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, ती बघण्यासारखीच. पण जांभ्यावर शेवाळ धरतं, चप्पल घालून जाऊ नका. आणि तटाच्या अगदी कडेला पाय सोडून बसायचा मोह आवरा. चिरे झिजलेत, कुठला सुटा आहे ते वरून कळत नाही. दोन पावलं मागे बसलात तरी समुद्र तेवढाच दिसतो.

आत तटबंदी सोडली तर फारसं काही उरलेलं नाही. हा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि १७४१ मध्ये तो परत गेला, एवढं ठाऊक असलं की बुरूज नुसता सेट वाटत नाही.

सूर्य टेकायला वेळ असेल तर उत्तरेच्या बुरुजावर अवश्य जा. माझा सगळ्यात जास्त जीव तिथे आहे. खाली शापोरा नदीचं मुख, पलीकडे मोरजीची वाळू, अलीकडे मासेमारीच्या होड्या. ही नदी म्हणजे आमची तिळारी. सह्याद्रीत उगम पावते, आमच्या तालुक्यातून वाहते, गोव्यात शिरली की शापोरा होते. लहानपणापासून जिच्यात डुंबलो ती नदी इथे समुद्राला मिळते. पडद्यावर हा प्रसंग बघताना माझी नजर त्या तिघांच्या उजव्या हाताला जाते, कारण ती तिकडेच आहे हे मला माहीत आहे.

अंधार पडायच्या आत उतरायला लागा, टॉर्च जवळ ठेवा. वागातोरच्या बाजूनं चढला असाल तर उतरताना शापोरा गावाची वाट धरा आणि धक्क्यावर होड्या बघून या. म्हापशाची शेवटची बस किती वाजता, ते मात्र चढण्याआधीच कंडक्टरला विचारून ठेवा.