त्रेपन्न म्हटलं की पोरं ३५ लिहितात, त्यावर घरी बनवलेलं बोलकं पीपीटी

नमस्कार मंडळी, मागच्या शिक्षण परिषदेत मी आमच्या दुसरीचं संख्यांचं पीपीटी (म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल) दाखवलं आणि तेव्हापासून रोज कुणीतरी फोन करतंय की मॅडम फाइल पाठवा. फाइल पाठवते, पण खरं सांगू का, माझी फाइल घेऊन तुमचा फार फायदा नाही, कारण त्यात आवाज माझ्या पोरांचे आहेत आणि चुकाही माझ्याच पोरांच्या. तुम्ही तुमची बनवा. दोन संध्याकाळींचं काम आहे, आणि कसं करायचं ते मी इथे माझ्या धांदलीसकट लिहिते.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. दुसरीत ११ पोरं. म्हणजे मी पहिलीला अक्षरं गिरवायला बसले की दुसरी मोकाट, आणि मला हवं होतं असं काहीतरी की दुसरीवाले वीस मिनिटं स्वतःचं स्वतः करतील, पण नुसतं कार्टून बघत बसणार नाहीत. एवढीच गरज होती. तंत्रस्नेही वगैरे व्हायची काही हौस नव्हती मला.

तर पहिलं काम लॅपटॉप उघडायचा नाही. पहिलं काम श्रुतलेखन. मी २० संख्या सांगितल्या, पोरांनी पाटीवर न लिहिता कागदावर लिहिल्या (कागदावर लिहायला लावा, पाटी पुसली की पुरावा गेला), आणि मग संध्याकाळी चहा घेत ते कागद घेऊन बसले. ११ पैकी ७ जणांनी त्रेपन्नला ३५ लिहिलेलं. त्रेसष्टला ३६. एकोणसाठला तर कुणी ६९, कुणी ६१, एकाने ५१०. हे ५१० मी बराच वेळ बघत होते. मग दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवून विचारलं तर म्हणतो, बाई अठ्ठावन्नच्या पुढे पन्नास आणि नऊच्या पुढचं. काहीतरी बरोबर विचार करत होता बिचारा, फक्त गाडी एक स्टेशन पुढे गेली.

आता हे का होतं ते बघा. आपण मराठीत बोलताना एकक आधी बोलतो, त्रे म्हणजे तीन, मग पन्न म्हणजे पन्नास. लिहिताना मात्र दशक आधी. पोरगं ऐकतं "त्रे", लगेच ३ लिहून मोकळं, मग "पन्न" ऐकून ५. त्याच्या हिशोबाने त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं! कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, तेलुगूत पण, त्यामुळे तिकडच्या पोरांना हा घोळ होत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, मंगला नारळीकर बाई बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि व्हॉट्सअॅपवर नुसते विनोद. मीही तेव्हा हसले होते. वर्गात दुसरी हातात आल्यावर हसू गेलं. पण घरात, बाजारात, एसटीत पोरं त्रेपन्नच ऐकणार, त्यामुळे त्रेपन्न शिकवायचं तर आहेच.

मी वर्गात सांगते ती गोष्ट अशी: प्रत्येक संख्येला नाव आणि आडनाव असतं. त्रेपन्न मध्ये नाव त्रे, आडनाव पन्न. हाक मारताना आपण नाव आधी घेतो आणि मग आडनाव. पण हजेरीत बाई कसं लिहितात? आडनाव आधी! तर आकडा लिहिणं म्हणजे हजेरीत लिहिणं. एवढं सांगितलं आणि हजेरीपत्रक उघडून प्रत्येकाचं नाव दाखवलं की अर्ध्या वर्गाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. आणि एकोणसाठ? तो राहतो पन्नासच्या घरात आणि आडनाव लावतो शेजारच्या साठचं. पोरं यावर जाम हसतात. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी, हे सांगा पण नंतर सांगा.

हे सगळं फळ्यावर होतं. डिजिटल कशाला मग? तर सरावासाठी. एकेका पोराला दिवसाला पन्नास वेळा "त्रेपन्न" ऐकवायला माझ्याकडे तेवढा घसा नाही.

आता रेकॉर्डिंग. २१ ते ९९ मधल्या तीस, चाळीस अशा पूर्ण दशकांना सोडलं तर ७२ संख्या उरतात. सगळ्या एकदम करू नका, मी पन्नास आणि साठची घरं (५१ ते ५९ आणि ६१ ते ६९) आधी केली, १८ संख्या फक्त. आवाज पोरांचे घ्या, स्वतःचा नको. वर्गात रेकॉर्ड केलं तर पत्र्यामुळे आवाज घुमतो, वर पावसाचा मारा, शेजारून चौथीचे पाढे. आम्ही शेवटी पोषण आहाराच्या खोलीत गेलो, तांदळाच्या पोत्यांच्या मधे उभं राहून, आणि काय सुंदर आवाज आला, पोती घुमणं शोषून घेतात. स्वयंपाकाच्या ताईंनी आधी डाळ मोजू द्या म्हणून बाहेर काढलं दोनदा, पण झालं. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरायचा, बटण दाबल्यावर मनात एक म्हणायचं आणि मग संख्या बोलायची, नाहीतर पहिलं अक्षर खातं रेकॉर्डिंग, आणि "त्रेपन्न" चं "पन्न" उरलं की सगळी मेहनत वाया. प्रत्येक संख्येची वेगळी फाइल, आणि फाइलला नाव फक्त इंग्रजी आकड्यात, बाकी काही नाही. मराठीत नाव दिलेल्या फाइल आमच्या टीव्हीवर नुसते चौकोन चौकोन दिसत होत्या. रेकॉर्डर एमपीथ्री किंवा एमफोरए मध्ये सेव्ह करतोय ना तेवढं बघा, काही जुने फोन एएमआर मध्ये करतात आणि ते पॉवरपॉइंट घेत नाही.

एका मुलीला त्रेसष्ट जमेना. त्रेसट, त्रेश्ष्ट, तेसष्ट. अकरा टेक झाले, मी म्हटलं राहू दे दुसरं कुणी बोलेल, तर डोळ्यात पाणी, मीच बोलणार. बाराव्या टेकला जमलं. आणि ती मुलगी आज झोपेतून उठवून विचारा, त्रेसष्ट चुकणार नाही. खरं म्हणजे रेकॉर्डिंग करता करताच अर्ध्या पोरांचं काम झालेलं होतं, पीपीटी नंतर आलं. पुढे नव्वदच्या घराचं रेकॉर्डिंग करताना दुसऱ्या एकीने विचारलं, बाई सगळीकडे एकोण आहे मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? मी म्हटलं विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. आणि ८९ ला एका पोराची आजी नव्व्याऐंशी म्हणते, पुस्तकात एकोणनव्वद, मी दोन्ही रेकॉर्ड करून ठेवलेत, भांडण नको.

आता पॉवरपॉइंट. स्लाइड अशी: मधे पोराने काढलेलं मोठं चित्र, ते दाबलं की आवाज येतो "त्रेपन्न". खाली तीन पाट्या, ५३, ३५, ६३. बस. यापेक्षा जास्त काही टाकू नका, फुलपाखरं उडवू नका.

आवाज टाकायला इन्सर्ट, ऑडिओ, आणि आपली फाइल. स्पीकरचं राखाडी चिन्ह येतं, त्यावर राइट क्लिक करून चेंज पिक्चर केलं की तिथे कुठलंही चित्र बसतं, मी पोरांनी स्वतः काढलेली चित्रं फोटो काढून टाकली. मग ते चित्र दाबलं की आवाज. ही युक्ती मला फार उशिरा कळली, त्याआधी मी आकाराला अॅक्शन देऊन त्यात प्ले साउंड करत बसायचे, आणि तिथे फक्त वेव्ह फाइल चालते, म्हणजे सगळ्या फाइल बदलत बसा. नको ते.

पाट्यांना लिंक द्यायची. पाटी सिलेक्ट, इन्सर्ट, लिंक, प्लेस इन धिस डॉक्युमेंट. बरोबर पाटीची लिंक पुढच्या प्रश्नाच्या स्लाइडला. चुकीच्या पाटीची लिंक एका वेगळ्या स्लाइडला, सगळ्या चुकांसाठी ती एकच स्लाइड पुरते, तिथे लिहिलंय "आडनाव आधी! परत ऐक" आणि एक बटण, त्याला अॅक्शनमधून लास्ट स्लाइड व्ह्यूड दिलं की पोरगं जिथून आलं तिथेच परत जातं. एक स्लाइड नीट झाली की डावीकडे सिलेक्ट करून कंट्रोल डी, आणि नुसते आकडे, आवाज आणि लिंक बदलत जा.

चुकीचे पर्याय उगाच कुठलेही टाकू नका हां, इथेच खरी मास्तरकी आहे. त्रेपन्नला ३५ टाकला तो उलटं लिहिणाऱ्यासाठी, ६३ टाकला तो ज्याचं आडनाव चुकतं त्याच्यासाठी. तिथे ८१ टाकलात तर कुणीच चुकणार नाही आणि तुम्हाला वाटेल वर्गाला आलं. एकोणसाठला ६९ आणि ६१ ठेवा. तुमच्या त्या श्रुतलेखनाच्या कागदांवर सगळे चुकीचे पर्याय आयते लिहून मिळालेत, म्हणून म्हटलं कागद जपून ठेवा.

आणि चुकल्यावर गमतीशीर आवाज अजिबात टाकू नका. मी म्हशीचं हंबरणं टाकलं होतं. दोन दिवस वर्गात नुसती म्हैस हंबरत होती, हुशार पोरंसुद्धा मुद्दाम चुकीचं दाबत होती, सर पलीकडून येऊन बघून गेले.

सगळ्यात मोठा खड्डा: पाटी सोडून बाजूला क्लिक केलं तरी स्लाइड पुढे जाते आणि पोरांना हे पाच मिनिटांत कळतं. ट्रान्झिशन्समध्ये ऑन माउस क्लिकची खूण काढा आणि अप्लाय टू ऑल करा. तरी की-बोर्डच्या बाणाने पुढे पळतात, म्हणून स्लाइड शो मधे सेट अप स्लाइड शो, तिथे ब्राउझ्ड अॅट अ किऑस्क निवडा, मग फक्त लिंकवरच चालतं, बाहेर पडायला एस्केप. एस्केप पण कळेलच त्यांना, पण थोडे दिवस लागतील.

फॉन्ट युनिकोडच वापरा, मंगल, निर्मला, मुक्ता, काहीही. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट दिसायला देखणे असतात पण दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये एम्बेड फॉन्ट्सला खूण करा आणि शेवटी पॉवरपॉइंट शो म्हणून सेव्ह करा, डबल क्लिक केलं की थेट खेळ सुरू होतो. व्हिडिओ करून टीव्हीला लावायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, व्हिडिओत लिंक मरतात, मग तो नुसता बघायचा पिक्चर होतो. आम्ही लॅपटॉपच वायरने टीव्हीला जोडतो (टीव्ही लोकवर्गणीतला, लॅपटॉप माझा, अर्धं चार्जर सुतळीने बांधलेलं). पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस नसते, तेव्हा रात्री घरून चार्ज करून नेते आणि टीव्हीशिवाय तिघा-तिघांचे गट लॅपटॉपसमोर, त्यात उलट जास्त चांगलं होतं कारण दोघं तिसऱ्याशी भांडतात.

क्यूआर कोडचं पण बरेच जण विचारतात. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हापासून प्रत्येक शाळेच्या भिंतीवर क्यूआर आहे, चालतो का विचारू नका. माझा अनुभव ऐका. मी एका फुकट साइटवरून ४० कोड बनवले, रंगीत प्रिंट काढल्या, लॅमिनेशन केलं, खिशातले पैसे गेले, आणि पंधरवड्यात सगळे कोड बंद, स्कॅन केलं की पैसे भरा म्हणून पान येतं. ते डायनॅमिक कोड होते, म्हणजे कोडात माझी लिंक नव्हतीच, त्या साइटची होती. नेहमी स्टॅटिक निवडा. स्टॅटिकमध्ये जे लिहाल तेच कोडात छापलं जातं, ते कुणी बंद करू शकत नाही, आणि नुसता मजकूर टाकला तर नेटसुद्धा लागत नाही. आकड्याच्या कार्डामागे "एकोणसाठ" एवढाच शब्द टाकलेला कोड, २१ बाइटमध्ये मावतो, म्हणून कोड छोटा आणि ठसठशीत येतो, साध्या फोनलाही पटकन कळतो. पूर्ण उतारा कोंबलात तर मुंग्यांचं वारूळ दिसतं आणि स्कॅन होत नाही. पोरं आधी कार्डावरचा आकडा वाचतात आणि मग स्कॅन करून ताडून बघतात. आवाजच हवा असेल तर गूगल ड्राइव्हवर टाकून त्याची लिंक द्यावी लागेल आणि तिथे एनीवन विथ द लिंक करायला विसरू नका, नाहीतर रात्री अकराला पालकांच्या परवानगीच्या मेलांचा पाऊस.

दुसऱ्यांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पोरांचे चेहरे आणि नावं फाइलमध्ये ठेवू नका, आवाज घेताना पण पालकांना विचारा, मी पालकसभेत ऐकवलं आणि मगच बाहेर दिलं. चित्रं गूगलवरून उचलू नका, पोरांनी काढलेली म्हैस गूगलच्या म्हशीपेक्षा शंभरपट भारी असते.

आणि पेनड्राइव्हवर मार्करने शाळेचं नाव लिहा. माझे दोन शिक्षण परिषदेत कुणाच्या तरी लॅपटॉपला लावले ते तिथेच राहिले, त्यातल्या एकात सत्तरचं अख्खं घर होतं, आता परत पोत्यांच्या खोलीत जायचंय.