अविवेकाविषयी लिहिणाऱ्यांना कसे वाचावे

मनोविश्लेषक फ्रॉइड, गर्दीच्या मानसशास्त्रावर लिहिणारा ल बाँ, तत्त्वज्ञ नीत्शे ही नावे एका दमात घेतली की माणूस मुळात मूर्ख आहे असे ते सांगत असावेत, असा समज होतो. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर ‘अविवेकी’ आणि ‘मूर्ख’ हे शब्द वेगवेगळे लिहून ठेवावेत. शहाण्या माणसालाही आपल्या वागण्याचे कारण बहुधा वागून झाल्यावर सुचते, एवढाच या मंडळींचा मुद्दा आहे.

सुरुवात फ्रॉइडच्या स्वप्नांवरील जाड ग्रंथाने करू नये. बोलण्यातल्या आणि विसरण्यातल्या चुकांवरचे त्याचे १९०१ चे लेखन आधी घ्यावे. त्यात ऑस्ट्रियाच्या संसदेचे अध्यक्ष अधिवेशनाला आरंभ करतानाच ते संपल्याचे जाहीर करतात, कारण मनातून त्यांना ते संपलेलेच हवे होते. यानंतर आठवडाभर स्वतःच्या चुका टिपाव्यात. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी: ज्या लग्नाला जाणे जिवावर आले होते, त्या लग्नात अहेर म्हणून द्यायची चादर मी रिक्षातच विसरलो. (रिक्षावाल्याने ती परत आणून दिली, हा भाग वेगळा.) मात्र प्रत्येक चुकीमागे सुप्त इच्छा शोधू लागलो तर ती सापडतेच, आणि विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप नेमका यावरच आहे.

ल बाँचे गर्दीवरील पुस्तक १८९५ चे. ते सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आसपास वाचावे आणि सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्याला, जिथे संमती वाचली जाते त्या संमती कट्ट्याजवळ उभे राहावे. गर्दीत माणसाची जबाबदारीची जाणीव विरघळते, असे ल बाँ म्हणतो. संमती वाचनानंतर हजारो हात एकाच क्षणी अक्षता उधळतात, तेव्हा ते पटते. पण पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेली काठी तोलत एकेक पाऊल टाकतो, तेव्हा पटत नाही. फ्रॉइडने १९२१ मध्ये हीच उणीव दाखवली: क्षणिक जमाव वेगळा, आणि चर्च किंवा सैन्यासारखा बांधलेला समूह वेगळा.

नीत्शे शेवटी घ्यावा, आणि त्याच्या ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ या १८८६ च्या ग्रंथातला सतरावा परिच्छेद सावकाश वाचावा. ‘मी’ म्हणतो तेव्हा विचार येत नाही, त्याला यायचे तेव्हा येतो. त्यामागे ‘मी’ हा कर्ता उभा करणे ही व्याकरणाची सवय आहे, असे तो म्हणतो. हे समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत, कारण आपण ‘मी सुचलो’ असे कधीच म्हणत नाही, ‘मला सुचले’ असेच म्हणतो.