कडाडणारं सोनं वाचताना

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सेमिनारला मी 'स्फोटक सोनं-चांदी' हा विषय घेतला आणि तिसऱ्याच स्लाईडवर तोंडघशी पडलो. बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७८८ साली सिल्व्हर फुलमिनेट बनवलं, असं ठोकून दिलं होतं. मागच्या बाकावरून सर म्हणाले, "अरे, फुलमिनेट? मग त्यात कार्बन कुठून आणलास?"

कार्बन नव्हताच. बर्थोलेची 'फुलमिनेटिंग सिल्व्हर' चांदी आणि अमोनियापासून झालेली. सिल्व्हर फुलमिनेट हा निराळाच पदार्थ, त्यात कार्बन असतो. 'फुल्मेन' म्हणजे लॅटिनमध्ये वीज. जे कडाडतं त्याला हे नाव, आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. नावं तेव्हा गुणांवरून पडत.

या विषयात नव्यानं शिरणाऱ्यांना म्हणून सांगतो: वहीत चार रकाने पाडा. जुनं नाव, काय घालून केलं, काय झालं, आजचं नाव. शेवटचा पेन्सिलीनं भरा. माझा 'ऑरम फुल्मिनान्स'चा रकाना तीनदा खोडला गेलाय. हे कडाडणारं सोनं बेसिल व्हॅलेंटाइनच्या नावावरच्या ग्रंथांत येतं. हा म्हणे पंधराव्या शतकातला साधू, पण ते ग्रंथ छापले १५९९ पासून, योहान थ्योल्डे या मीठ कारखानदारानं. साधू खरा होता का, हा वाद वेगळा. विस्तव आणि उन्हापासून दूर ठेवा ही त्यातली ताकीद मात्र हात पोळलेल्या माणसाचीच वाटते. कृतीत अम्लराजाबरोबर (सोनं विरघळवणारं नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड, आहे. अमोनिया तिथून येतो, आणि त्याच्याशिवाय हे सोनं कडाडत नाही, हे टोर्बर्न बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं अठराव्या शतकात दाखवलं. मधल्या काळात लोकांनी ते औषध म्हणून पोटातही घेतलं!

या सोन्याचा स्फोट होताना निघणारा जांभळा धूर मी 'वर्णन' म्हणून सोडून दिला होता. २०२३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ५ मिलिग्रॅमचे नमुने उडवून तो धूर तांब्याच्या जाळीवर धरला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले सोन्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण. जांभळा रंग त्यांचाच. म्हणून रंग, वास, आवाज, सगळं टिपा.

जुन्या कृती मात्र करून बघू नका. हे दूरचं वाटत असेल, तर बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवा. टोलेन्सचं द्रावण, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं, आणि परीक्षानळीत चांदीचा आरसा. उरलेलं बाटलीत भरून ठेवायला निघालो, तर लॅब असिस्टंट काकांनी हातातून ओढून घेतलं, त्यात आम्ल घातलं आणि पुढच्या तासाला ताजं करायला लावलं. आम्हाला तो त्यांचा खाष्टपणा वाटला. तसंच ठेवलं असतं, तर त्या बाटलीत बर्थोलेचीच चांदी साचली असती.