स्कूबाचं बुकिंग करताय? आधी विचारा, पाण्यात कोण उतरणार

हॉटेलच्या काउंटरवर पैसे देऊन मोकळे होऊ नका. मालवण, तारकर्ली, देवबाग, कुठेही उतरा, रिक्षावाल्यापासून खानावळीच्या मालकापर्यंत प्रत्येकाचा एक ‘स्कूबावाला आपलाच माणूस’ असतो. त्यात वाईट काही नाही, पर्यटनाच्या गावात कमिशन चालायचंच. पण ज्याच्या हातात तुम्ही पैसे देता तो पाण्यात उतरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. गेल्या खेपेला आम्ही बाकी सगळं विचारलं होतं. किती वाजता यायचं, व्हिडिओचे पैसे वेगळे का, कपडे बदलायला जागा आहे का, बनाना राइड त्याच पॅकेजात बसते का. विचारायचं राहिलं ते एवढंच, की पाण्यात आमच्याबरोबर कोण उतरणार आणि त्या एका माणसाकडे एका वेळी किती जण असणार. बाकीची यादी चाळली नाहीत तरी चालेल. हा प्रश्न मात्र विचाराच.

हंगामाचं थोडक्यात. मे संपता संपता समुद्र बंद होतो तो ऑगस्टअखेरपर्यंत. त्या काळात कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाला तर त्याच्याशी बोलणंच थांबवा. पाणी निवळलेलं हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यातही पाणी बरं असतं, पण तेव्हा अर्धा महाराष्ट्र तिथेच असतो, आणि गर्दी वाढली की एका माणसाच्या गळ्यात किती पर्यटक बांधायचे याला धरबंध राहत नाही. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांचंही तेच. शक्यतो मधल्या वारी जा, आणि सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारी वारा सुटतो, पाणी ढवळतं, आणि सकाळपासून चार फेऱ्या मारलेला इन्स्ट्रक्टर दमलेला असतो.

कागदपत्रं. बोटीची आणि जलक्रीडेची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळाची लागते. ती दाखवा म्हटल्यावर जो सरळ दाखवतो त्याच्याशी पुढे बोलावं, जो हसण्यावारी नेतो त्याला नमस्कार करावा. विमा आहे का तेही विचारा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथेच बुकिंग करा असं माझं म्हणणं नाही, पण शिस्तीत काम कसं चालतं ते बघायला एक चक्कर मारा. मग किनाऱ्यावरच्या बाकीच्यांना कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळतं. भिंतीवर ‘पाडी’चं (PADI, स्कूबा शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) चिन्ह रंगवलेलं असणं हा पुरावा नव्हे. पाडीच्या इन्स्ट्रक्टरला नंबर असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नंबर मागा. आणि तो मालकाचा नको, उतरणाऱ्याचा हवा! मालकाचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत दुकानातच राहतं, तुमच्याबरोबर पाण्यात येत नाही.

आता तोच प्रश्न नीट. पाडीच्या नियमाप्रमाणे पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसांसाठी समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ४ जण, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, आणि वय किमान १० वर्षं. हे चार म्हणजे कमाल मर्यादा झाली. मालवणात पाण्याखाली हाताच्या अंतरापलीकडचं बऱ्याचदा धूसर दिसतं, तिथे एकास एक हवा, फार तर एकास दोन, आणि घरात कुणी घाबरट असेल तर त्याच्या वाट्याला पूर्ण एक माणूस. आमच्या वेळी ज्याच्याशी फोनवर छान बोलणं झालं होतं तो किनाऱ्यावरच राहिला. बोटीत आणखी दोन-तीन कुटुंबं येऊन बसली, आणि खाली उतरला तो पोरगा एका हाताने एकाला धरून दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होता. माझ्या भाच्याचा कान दुखत होता. तो खुणा करत होता, पण कानाची खूण त्याला कुणी शिकवलीच नव्हती. त्या पोराची नजर कॅमेऱ्यात. भाचा वर आला तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. नाकातलंच होतं, निभावलं. पण तोवर आमच्या वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हणून आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर जा. ‘उद्या आम्हाला खाली कोण नेणार? त्यांना भेटायचंय’ असं स्पष्ट म्हणा. उत्तर येईल, ‘काय एक होवचा नाय, येवा तुमी सकाळी’. गोड माणसं आहेत, गोड बोलतात, तिथेच आपण फसतो. भेटल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. भेट झाली की त्याला तीन गोष्टी विचारा: कान कसे मोकळे करायचे, मध्येच मला वर यायचं असेल तर खूण काय, आणि व्हिडिओ कोण काढणार. तिसरं उत्तर ‘मीच’ असं आलं तर दुसरीकडे जा. कॅमेऱ्याला वेगळा माणूस हवा, नसेल तर व्हिडिओ नको. आणि त्याने तुम्हाला काही विचारलं का, तेही बघा. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, पोहता येतं का, एवढंही न विचारणारा इन्स्ट्रक्टर पुढे पाण्यात काय बघणार?

आरोग्याचा फॉर्म लोक सही करायचा कागद समजून भरतात. तसं करू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, गरोदरपण, कान किंवा सायनसची शस्त्रक्रिया यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. साधी सर्दी असली तरी नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरणारे महाभाग असतात. गोळीचा असर पाण्याखाली ओसरला की आत अडकलेल्या हवेला वर येताना वाट मिळत नाही, आणि मग दुखणं काय असतं ते कळतं. फॉर्मच नसेल तर प्रश्नच मिटला, तो ऑपरेटर नको.

साहित्याचं बघताना लाजू नका, भाजी घेतानासुद्धा आपण दहा वेळा उलटून पाहतो. काही ठिकाणी सिलिंडर पाठीवर नसतो, बोटीवरच राहतो, आणि लांब नळीतून हवा खाली येते. दहा मिनिटांच्या, दीड-दोन पुरुष खोलीच्या गमतीसाठी लोक ते चालवून घेतात, पण तुम्हाला तुमची हवा किती उरली ते दिसत नाही आणि नळीला पीळ पडला तर पर्याय तुमच्याजवळ नसतो. मला तो प्रकार पसंत नाही. पाठीवर सिलिंडर असेल तर सुरुवातीला हवेचा दाब दाखवणारं गेज २०० बारच्या आसपास हवं आणि ५० बार शिल्लक असतानाच बोटीवर परत यायला हवं. श्वासाची दुसरी नळी, जिला ऑक्टोपस म्हणतात आणि जी बहुतेकदा पिवळी असते, ती इन्स्ट्रक्टरच्या अंगावर असलीच पाहिजे. सिलिंडर कुठे भरतात तेही विचारा. हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड तुमच्या फुप्फुसात येतो, आणि त्याला वास नसतो. तोंडात धरायच्या रेग्युलेटरमधून एक श्वास किनाऱ्यावरच घेऊन बघा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर हवा खराब आहे, वास नाही आला म्हणजे चांगलीच आहे असं मात्र नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा. दाढी-मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी येणारच, घाबरू नका.

बोट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी, वीसेक पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. पाण्याखाली काही झालं नव्हतं, परतताना झालं. म्हणून लाइफ जॅकेट जाताना घालायचं तसंच येतानाही घालायचं, ओलं अंग चिकचिकत असलं तरी. बोटीवर क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, माणसं मोजा. ‘अजून दोघं बसतील’ असं तांडेल म्हणाला तर तुम्ही उतरा. सगळे पाण्यात असताना बोटीवर एक जाणता माणूस राहतो का, ऑक्सिजनची बाटली आणि मास्क आहे का, वर चढायला शिडी आहे की दंडाला धरून ओढतात, आणि निघताना डोकी मोजतात का, हेही पाहून घ्या. पाण्यात कोण उतरणार हे विचारताना वर कोण राहणार तेही विचारून टाका. उत्तर एकाच माणसाचं नाव आलं तर काय समजायचं ते समजा.

मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि त्यावर लोखंडी नांगर फेकणारा ऑपरेटर तुमच्याबाबतही तितकाच निष्काळजी असणार असं धरून चाला. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं किंवा पाव टाकणारे असतात. व्हिडिओ झकास येतो, पण त्यांना नाही म्हणा. प्रवाळाला हात लावून फोटो काढू देणाऱ्यालाही.

गोव्यात ग्रँड आयलंडला जाणार असाल तर तिथे स्कूबा बऱ्याचदा जेवण-डॉल्फिनच्या सहलीत शेवटी जोडलेला असतो, त्यामुळे वरचा प्रश्न दुप्पट जोरात विचारा. मुर्डेश्वरहून नेत्राणीला बोटीचा प्रवास लांबचा, उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, मध्येच नव्हे. अंदमानात स्वराज द्वीपला पद्धतशीर केंद्रं बरीच आहेत, तरी पहिल्यांदाच उतरणाऱ्यांच्या रांगा तिथेही लागतात. प्रश्न तोच: कोण, आणि किती जणांना घेऊन?

आदल्या रात्रीचं फार नाही. दारू नको. सुरमई-कोलंबीवर आडवा हात मारायचा बेत डाइव्हनंतर ठेवा. सकाळी पोहे-चहा, तोही निघायच्या तासभर आधी. नाव, वय आणि कुणाला काय त्रास आहे ते कागदावर लिहून उतरणाऱ्याच्या हातात द्या. बुकिंगवाल्याच्या नाही.

किनाऱ्यावर आलात आणि कालचा माणूस नसेल, ‘तो आज दुसऱ्या बोटीवर आहे’ असं सांगितलं, तर नवीन माणसाशी पहिल्यापासून सगळं बोला. त्याला वेळ नसेल तर परत फिरा. मुलं रडतील, रडू देत. पैसे बुडाले तर बुडाले. या एका बाबतीत ‘आता आलोच आहोत तर’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये.

पाण्यात: श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. चार-पाच फुटांवरून भरल्या छातीने वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकला, दर तीन फुटांनी. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कानाला खरा त्रास पहिल्या काही मीटरांतच होतो. मोकळा झाला नाही तर थोडं वर या. खूण करा. अंगठा वर म्हणजे ‘वर न्या’, ‘मस्त’ नव्हे. घरी सगळ्यांकडून दोनदा घोटून घ्या.

नंतर: पाणी प्या. एका डाइव्हनंतर १२ तास विमान नको, लागोपाठ काही दिवस डाइव्ह केले असतील तर १८ तास. चिपी-मोपाची तिकिटं त्या हिशोबाने काढा. कोर्स करत असाल आणि दिवसभर खोल गेला असाल तर त्याच संध्याकाळी आंबोली घाटही नको, ती उंची सहाशे मीटरच्या वर आहे. दहा मिनिटांच्या उथळ डाइव्हला घाटाची काळजी नाही.

कान दुखत राहिला, गच्च वाटला, तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. कोमट तेल घालू नका, आजी कितीही म्हणाली तरी.