अभियांत्रिकीच्या वर्गात व्यावसायिक नीती शिकवताना या चुका टाळा

अभियांत्रिकी महाविद्यालयात व्यावसायिक नीती हा विषय बहुधा ज्याच्या वेळापत्रकात जागा उरलेली असेल त्याच्या वाट्याला येतो. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो काही वर्षे राज्यघटनेच्या जोडीने एकाच पेपरात होता, आणि मुले दोन्ही विषय एकाच पद्धतीने, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री, उरकत असत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अभियंत्याची नीती शेवटी तो कशावर सही करतो आणि कशावर करत नाही, यात दिसते; ही गोष्टच आपण वर्गात फारशी शिकवत नाही. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक माझ्या हातून घडलेल्या आहेत.

नीतीच्या तासाला सचोटी, जर्नलवर डोळे मिटून सही

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. एका वर्षी द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत व्हेंच्युरीमीटरचा, म्हणजे नळीतला प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा, प्रयोग चालू होता. त्याचा प्रवाह गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्राने येणारा प्रवाह) ०.९७ च्या आसपास यावा, हे पुस्तकात छापलेले असते आणि मागच्या तुकडीच्या जर्नलातही असते. सगळ्यांचे आकडे ०.९६ ते ०.९८ यांच्या दरम्यान आले. खानापूरकडच्या एका मुलाचा मात्र ०.८१ आला. “अरे, कुठेतरी चुकलास, पुन्हा कर,” असे म्हणून मी त्याचे जर्नल परत केले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचाही आकडा ०.९७ झाला. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळा सहायकाने मला मोजटाकीखाली वाकून पाहायला लावले. टाकीचा तळाचा व्हॉल्व नीट बसत नव्हता आणि पाणी एकसारखे झिरपत होते. अशा टाकीत पाणी कमी साठणार, प्रत्यक्ष प्रवाह कमी मोजला जाणार आणि गुणांक खाली येणार, हे उघड आहे. म्हणजे त्या दिवशी खरा आकडा एकाच जर्नलात होता आणि तोच मी खोडायला लावला. बाकीच्या जर्नलांवर माझी सही होती.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त कंटाळवाणे आहेत. कच्ची रीडिंग उपकरणाशेजारीच पेनाने लिहायला लावावीत, प्रयोग संपण्यापूर्वी त्यांच्यावर वेळ घालून सही करावी आणि नंतर केलेल्या सुबक जर्नलला ती कच्ची पाने जोडलेली असावीत. चुकलेला आकडा खोडायचा तर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. तोंडी परीक्षेत “तुझा आकडा पुस्तकाशी का जुळत नाही?” या प्रश्नाच्या उत्तराला गुण ठेवावेत. तसेच आपल्या सहीच्या वर ‘रीडिंग माझ्यासमोर घेतले’ असे लिहून पाहावे. हे तीन शब्द लिहू लागल्यापासून मी कितीतरी वेळा सही करता करता थांबलो आहे.

दुर्घटना शेवटाकडून सांगणे

भोपाळ, चॅलेंजर, मोरबी अशी नावे पडद्यावर येतात, मृतांचा आकडा सांगितला जातो, वर्ग क्षणभर गप्प होतो आणि पुढची स्लाइड येते. मृतांचा आकडा आधीच कळल्यावर निर्णय सोपा वाटू लागतो आणि प्रत्येक मुलाला वाटते की आपण तेथे असतो तर नक्कीच विरोध केला असता. त्यापेक्षा गोष्ट आदल्या रात्रीवर आणून थांबवावी. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अंतराळयानाचे घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते थंडीत ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) ताठर होतील म्हणून उड्डाण नको असे सांगत होते; उलट बाजूला वेळापत्रक होते, ग्राहक होता आणि हातात अपुरी आकडेवारी होती. अखेर व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. त्याच कंपनीचे अभियंते ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी तिच्यावर सही करायचे नाकारले, तेव्हा वरिष्ठाने ती केली. येथे गोष्ट थांबवून मुलांना त्या रात्रीपुरते दोन पानांचे टिपण लिहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले, हे टिपणे गोळा झाल्यावर सांगता येते.

आमच्या मुलांना त्याहून जवळचे वाटते ते कॅन्सस शहरातील हयात रीजन्सी हॉटेलचे प्रकरण, कारण त्यात फॅब्रिकेशनचे दुकान आहे आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या मुलाला ते ओळखीचे असते. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही झुलते पूल एकाच लांब सळीवर टांगलेले होते. बनवायला सोपे जावे म्हणून सळीचे दोन तुकडे झाले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकवला गेला. १७ जुलै १९८१ रोजी वरच्या तुळईतून नट सुटला आणि ११४ माणसे मेली. वर्गात हे दोन दप्तरे आणि एक दोरी घेऊन दाखवता येते. दोन्ही दप्तरे एकाच दोरीला गाठी मारून बांधली, तर वरची गाठ एकाच दप्तराचे वजन पेलते. खालचे दप्तर वरच्या दप्तराच्या पट्ट्याला बांधले, की त्याच गाठीवर दोघांचे वजन येते. दोरी तीच, गाठीवरचा भार दुप्पट. मुलांना हे पटल्यावर सांगावे की बदललेल्या ड्रॉइंगवर अभियंत्यांचा शिक्का होता, ‘बदल फॅब्रिकेटरने केला’ हा त्यांचा बचाव टिकला नाही आणि त्यांचे परवाने रद्द झाले. (मूळ आराखडाही शहराच्या बांधकाम नियमांत बसत नव्हता, हे शेवटी सांगावे, नाहीतर सगळा दोष सळीच्या दोन तुकड्यांवर ढकलून मुले मोकळी होतात.)

पहिल्याच दिवशी हुतात्मा व्हायला सांगणे

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांची गोष्ट सांगायलाच हवी. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातील गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, तरी पत्र नावासकट फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. मात्र एवढेच सांगून थांबलो, तर निपाणी-चिकोडीहून आलेला, घरी कर्ज असलेला मुलगा मनात एकच निष्कर्ष काढतो: गप्प राहावे. धैर्याच्या आधी त्याला लहान पायऱ्या शिकवायला हव्यात. तोंडी मिळालेला आदेश त्याच दिवशी ई-मेलने ‘आपण असे सांगितले, बरोबर ना?’ म्हणून विचारणे, साइटच्या नोंदवहीत तारखेसह शेरा लिहिणे, ‘हे मानकात कुठे बसते?’ असा साधा तांत्रिक प्रश्न करणे, एकट्याने न बोलता दोघातिघांनी मिळून वरिष्ठांकडे जाणे, या गोष्टी नव्या नोकरीतल्या मुलालाही जमतात.

भाषेबाबत थोडक्यात: चर्चा इंग्रजीतच हवी हा हट्ट सोडावा. इंग्रजीत मुले पाठ केलेली व्याख्या म्हणतात, मराठीत भांडतात. वर्गात गोकाक-बैलहोंगलची कन्नड मुले असतात, त्यांचीही अडचण होत नाही. आपल्या ‘जबाबदारी’ला त्यांच्याकडे ‘जवाब्दारी’ म्हणतात आणि जबाब देणे दोन्हीकडे आहे.

उरते मूल्यमापन. बहुपर्यायी प्रश्नात नीतिमान पर्याय डोळे झाकून ओळखता येतो, त्यामुळे सगळ्यांना गुण पडतात आणि महाविद्यालयाच्या मान्यतेसाठीच्या तक्त्यात नीतीचा रकाना सुरेख भरतो. त्याऐवजी मी आता कास्टिंगचे (ओतीव भागांचे) एक भरलेले टेस्ट सर्टिफिकेट देतो. आमचा एक विद्यार्थी फाउंड्रीत इंटर्नशिपला असताना त्याला सांगण्यात आले होते की पाच नगांचा हार्डनेस मोज आणि उरलेल्या पस्तीसांचे आकडे त्याच रेंजमध्ये भर. त्यावरून हा प्रश्न तयार झाला. ‘सही करणार नाही’ एवढ्या उत्तराला मी कमी गुण देतो, कारण माल अडकला की कारखान्याचेही नुकसान आहे आणि नमुना तपासणी हा मुळात गुन्हा नव्हे. गेल्या खेपेस एका मुलीने ते चाळीस आकडे खोडले, खाली ‘तपासलेले नग ५, न तपासलेले ३५, ग्राहकाची नमुना तपासणीला मान्यता आहे का ते विचारावे’ असे लिहिले आणि त्याखाली सही केली. तिला पूर्ण गुण दिले.