हौदातील हिरव्या पाण्यावरून कशाभिकेतील वाहतूक कशी शिकवावी

मराठवाड्यात गुरांच्या हौदात साचणारे हिरवट पाणी बाटलीत भरून खिडकीपाशी ठेवावे आणि उजेडाकडील काचेशी हिरवी कड जमली, की तेथील एक थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहावा. नशिबाने क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय हिरवे शैवाल सापडल्यास त्याच्या अंडाकृती पेशी झपाट्याने पळताना दिसतात. कडेने आयोडीनचा लहानसा थेंब सोडताच त्या थबकतात. मग प्रकाश थोडा कमी केला, की टोकाशी केसासारख्या दोन कशाभिका, म्हणजे पोहण्याचे तंतू, दिसतात.

आता फळ्यावर एक कशाभिका मोठी काढावी. तिच्यात प्रथिने तयार होत नाहीत आणि वाढ मात्र टोकाशी होते. म्हणून पेशीत बनलेला माल कायनेसिन-२ हे प्रथिन कशाभिकेतील सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे रुळांसारख्या बारीक नळ्यांवरून, टोकाकडे नेते, तर डायनीन-२ हे दुसरे प्रथिन परत आणते; या दोन फेऱ्या आकृतीत जाणाऱ्या आणि येणाऱ्या बाणांनी दाखवाव्यात. ही ये-जा १९९३ मध्ये येल विद्यापीठात क्लॅमिडोमोनसमध्येच प्रथम नोंदली गेली. शाळेच्या सूक्ष्मदर्शीतून ती दिसत नाही, हे आधीच सांगावे, नाहीतर मुले उगाच डोळे ताणत बसतात.

बिघाड आकृतीतच दाखवावा. जाणारा बाण पुसल्यास कशाभिका आखडते: क्लॅमिडोमोनसच्या एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणात ३२ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्याकडे फाल्गुनातल्या दुपारीच, नेमके हेच घडते. येणारा बाण पुसल्यास माल टोकाशी तुंबून ती फुगते. माणसाच्या पेशींवरील रोमकांतही (कशाभिकेसारख्याच बारीक केसांतही) हीच यंत्रणा असल्याने तिच्या दोषांतून मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी होतात किंवा दृष्टिपटल झिजते.