बांधावर बाभूळ लावताय? मग या चुका टाळा

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडं टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबं वाढली आणि बांधावरच्या बाभळी आधी जेसीबीखाली गेल्या. आता तेच लोक परत विचारतात, बाभूळ कशी लावायची, कारण शेळ्यांना मे महिन्यात पाला कुठनं आणायचा. विचारतात हे फार चांगलं आहे, पण लावताना त्याच त्याच चुका होतात आणि झाड गेलं की दोष जमिनीला देतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाडच चुकीचं लावणं. देशी बाभूळ वेगळी आणि वेडी बाभूळ वेगळी, दोन्हीला काटे म्हणून गफलत होते. शेंग बघा. आपल्या बाभळीची शेंग राखाडी, मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बी जवळ आवळलेली, आणि फूल पिवळं गोल गोंड्यासारखं. वेड्या बाभळीची शेंग पिवळसर, जाडसर, चवीला गोड, आणि फुलाचा लांबट तुरा. ही मूळची अमेरिकेकडची, एकदा रानात घुसली की वरनं तोडून काही होत नाही, बुडातनं चार फांद्या फुटतात, जमिनीखालचं खोड मुळासकट उकरून काढावं लागतं. तिच्या शेंगा जनावरं आवडीनं खातात आणि शेणातनं बी सगळीकडं पसरतं, म्हणून द्यायच्याच असतील तर बियांसकट दळून द्या आणि थोड्याच द्या. महिनोन् महिने नुसत्या त्याच शेंगांवर ठेवलेल्या गुरांचा जबडा लुळा पडतो.

सुबाभूळ हे तिसरंच झाड, त्याला काटे नसतात. त्याचा पाला चांगला, पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकदम भरपूर टाकला तर जनावराचे केस गळतात. इतर चाऱ्यात मिसळूनच द्या.

ऑनलाइन बी मागवणाऱ्यांनी शास्त्रीय नाव बघा, जुनं अकॅशिया निलोटिका, नवं व्हॅचेलिया निलोटिका, दोन्ही एकच झाड.

आता रोपांचं. मी पहिल्यांदा नर्सरीतनं ४० रोपं आणली, कमरेएवढी उंच, बघूनच आनंद झाला. पावसाळ्यात लावली, दिवाळीपर्यंत बरी होती, पुढच्या उन्हाळ्यात एकेक करून वाळत गेली. एक उपटून बघितलं तर मुख्य मूळ पिशवीच्या तळाशी जिलबीसारखं गोल गोल फिरलेलं, वीतभरसुद्धा खाली गेलं नव्हतं. तिथं मला उलगडलं. बाभूळ दुष्काळात टिकते ती खोल जाणाऱ्या सोटमुळाच्या जोरावर, ते मूळच वाकडं झालं तर झाड उभं राहणार कशावर? म्हणून शक्यतो बी जागेवरच टोचा. रोपच लावायचं असेल तर लांब पिशवीतलं, लहान असतानाच घ्या.

बी उगवत नाही ही दुसरी तक्रार. बाभळीच्या बीला कवच इतकं टणक असतं की नुसतं टोचलं तर कित्येक बिया तशाच पडून राहतात. पाणी उकळायचं, खाली उतरवायचं, जरा वाफ जाऊ द्यायची, मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं, फुगलेल्या बिया तेवढ्या पेरायच्या. पण बी चुलीवर उकळत ठेवू नका, मरतं. त्याहून सोपं म्हणजे शेळ्यांच्या वाड्यातलं बी. शेळ्या शेंगा खातात, बिया वाड्यात पडतात, त्या झाडून गोळा करायच्या. पोटातनं आलेलं बी पटकन उगवतं, आमच्या म्हाताऱ्यांना हे आधीपासनं ठाऊक होतं. जूनमध्ये दमदार पाऊस झाला की टोचा.

कडुलिंबाखाली किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाच्या सावलीत लावू नका, बाभळीला लहानपणापासनं लख्ख ऊन लागतं. आणि विहिरीच्या पाण्यावरच्या पिकाला खेटूनही नको. तिच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी असतात, त्याचा जमिनीला फायदा होतो हे खरं, पण सावली आणि मुळांची ओढ दोन्ही पिकाला जाणवते, म्हणून पडीक कडेचा बांध बघा आणि मोठी झाल्यावर खालच्या फांद्या छाटत राहा.

डिंकासाठी कुऱ्हाडीचे खोल घाव घालणारे बघितले की जीव तुटतो. उन्हाळ्यात सालीला हलकी चीर पुरते, तांबूस डिंक आपोआप गोळा होऊन वाळतो. खोल घावातनं कीड शिरते.

लाकडाचं म्हणाल तर बैलगाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गड्डा), कुळव, कुऱ्हाडीचा दांडा, हे सगळं याच लाकडाचं व्हायचं. चूक एकच, ओलं कापून लगेच वापरणं. असं लाकूड भेगाळतं, आणि बाहेरचा पांढरा भाग घूण ही कीड पोखरते. जुने लोक ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे, आणि पांढरा भाग काढून लालसर गाभाच वापरायचे.

आणि हो, पहिली दोन वर्षं शेळ्यांपासनं जपा. कोवळ्या शेंड्याला त्यांचं तोंड लागलं की रोप खुरटतं. छाटलेल्या बाभळीचीच वाळकी फेसाटी, म्हणजे काटेरी फांद्या, रोपाभोवती गोल लावायची, बुडख्यावर दगड ठेवायचा म्हणजे वाऱ्यानं हलत नाही. माझी या वेळची १७ रोपं तशीच उभी आहेत, सगळ्यात उंच माझ्या छातीला लागतंय.